चेंबर तीनमधला रशिया

मोहन परबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मस्कतमध्ये शेहेचाळीस डिग्री होतं आणि परबांच्या डोक्यावर कानटोपी होती. अंगात जाडजूड जाकीट, पायात गुडघ्यापर्यंत बूट, हातात वाफाळता चहा. अल मवालेहच्या भाजीबाजाराला लागून आमचं कोल्ड स्टोरेज होतं. मी तिथे कंटेनरची कागदपत्रं बघायला नवा लागलो होतो आणि परब तिथली थंडी बघत. कॉम्प्रेसर, गॅस, पंखे, दरवाज्यांची रबरं, सगळं त्यांच्या हाती. मी पुण्याच्या रीतीप्रमाणे स्वतःची ओळख करून दिली, केळकर, मूळ कोथरूड, सध्या माबेला. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "आइस हॉकी बघतास?" मी नाही म्हणालो. "मगे हयसर काय करूक इलास?" असं म्हणून ते उणे बावीसमध्ये निघून गेले.

मला खेळांचं प्रेम नाही. शाळेत मी क्रिकेटचा स्कोअर लिहायचो, तोही खाडाखोड न करता, आणि माझा खेळाशी संबंध तिथेच संपला. पण परबही माबेल्यात राहत, आमच्या मागच्याच गल्लीत, आणि त्यांच्याकडे लायसन्स नव्हतं. इथे लायसन्सच्या परीक्षेत लोखंडी पिंपांच्या मधून गाडी उलटी घ्यावी लागते. परबांनी चार वेळा पिंपं पाडली. पाचव्या वेळी पिंपं जागेवर राहिली आणि परीक्षकाची खुर्ची पडली. त्यामुळे रोज सकाळी परब माझ्या गाडीत. माबेला ते मवालेह, ट्रॅफिक धरून चाळीस मिनिटं, अशी नऊ वर्षं. एखाद्याला त्याच्या मनाविरुद्ध रशियन आइस हॉकीचा इतिहास शिकवायचा असेल तर याहून चांगली सोय नाही.

हे वेड त्यांना जहाजावर लागलं. बाविसाव्या वर्षी ते एका मालवाहू जहाजावर फ्रिजचे मेकॅनिक होते. फेब्रुवारीत जहाज लेनिनग्राडला लागलं आणि बर्फात अडकलं. वेंगुर्ल्याकडचा मुलगा, थंडी म्हणजे काय तर दिवाळीत पहाटे अंघोळीआधी वाजते ती, एवढीच ठाऊक. बंदरावरचा कोल्या नावाचा एक क्रेनवाला याला कुडकुडताना पाहून घरी घेऊन गेला. दोन खोल्यांत नऊ माणसं, बीटचं सूप आणि कोपऱ्यात टीव्ही. टीव्हीवर ऑलिंपिकमधला हॉकीचा शेवटचा सामना चालला होता. सोव्हिएत टीमने चेकोस्लोव्हाकियाला हरवलं, सुवर्णपदक आलं आणि त्या नऊ माणसांनी परबांना उचलून छताला लावलं.

"केळकरानु, माझ्या बापाशीन पण माका कधी असो उचलूक नाय," परब म्हणत. त्या दिवसापासून ती टीम त्यांची झाली. यात बर्फाचा किंवा राजकारणाचा काही संबंध नव्हता, असं माझं मत आहे. परक्या मुलखात कोणी गरम सूप वाढलं की माणूस त्या घरचा होतो. आखातात राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

परबांनी कोल्ड स्टोरेजची चारही चेंबरं आपल्या पद्धतीने नावं देऊन वाटून टाकली होती. मटारचं चेंबर एक म्हणजे मॉस्को, कोंबड्यांचं दोन म्हणजे सायबेरिया, मासळीचं तीन म्हणजे लेनिनग्राड. चौथ्यात बटाटे असत आणि तिथे नुसतं चार डिग्री असे, म्हणून त्याला ते "फॉरेन" म्हणत. नवीन आलेले हमाल ही नावं खरी समजून चालत. एकदा एका ड्रायव्हरने डिलिव्हरीच्या कागदावर माल कुठून उचलला या रकान्यात "सायबेरिया" लिहिलं आणि कस्टमच्या माणसाला कोंबड्या ब्राझीलच्या आहेत हे पटवून देण्यात माझा अख्खा गुरुवार गेला.

पण एक श्रेय द्यायला हवं. सोव्हिएत टीमचे खेळाडू पाच-पाचच्या गटात उतरत, तेच पाच जण वर्षानुवर्षं एकत्र, आणि थोडा वेळ जीव तोडून खेळून पाचही जण एकदम बाहेर येत. परबांनी फ्रीझरमध्ये काम करणाऱ्या पोरांची बदली याच हिशेबाने लावली. पाच जण आत, वीस मिनिटं, पाचही जण बाहेर, चहा. एकटा कोणी आत राहायचा नाही. आमचा ओमानी सुपरवायझर सालिम आधी कुरकुरला, मग त्याच्या लक्षात आलं की सर्दी-खोकल्याच्या सुट्ट्या जवळजवळ बंद झाल्यात. तेव्हापासून परब काही विचित्र सुचवायला आले की सालिम ऐकायच्या आधीच "यल्ला, करो" म्हणून मोकळा व्हायचा.

इतिहासाकडे वळतो, नाहीतर परब स्वप्नात येऊन रागावतील.

"एक गोष्ट ध्यानात ठेवा," ते पहिल्याच आठवड्यात गाडीत म्हणाले. "अर्बाब बदललो, पोरा तीच."

म्हणजे असं. आखातात कंपनीचा मालक बदलतो, पाटी बदलते, शर्टावरचा बिल्ला बदलतो, पण सकाळी बसमधून उतरणारी माणसं कालचीच असतात. परबांनी सगळा इतिहास या एका खुंटीवर टांगला होता. सोव्हिएत संघ ही मूळ कंपनी. पहिल्यांदा जगज्जेतेपदाच्या स्पर्धेत उतरली आणि पहिल्याच फटक्यात जिंकली, पुढे तीसेक वर्षं बाकीच्यांनी दुसऱ्या नंबरसाठी खेळायचं. मग कंपनी बुडाली. पाटी उतरवली, झेंडा नाही, राष्ट्रगीत नाही, तरी ऑलिंपिकला पोरं ड्युटीवर हजर. उसन्या झेंड्याखाली खेळली आणि सुवर्ण घेऊन आली. मग रशिया नावाची नवी पाटी लागली. नवा अर्बाब, नवे लाड, आणि एका वर्षी आपल्याच घरी भरवलेल्या जागतिक स्पर्धेत अकरावा नंबर. हे सांगताना परब खिडकीबाहेर बघत. "घरच्या लग्नात न्हवऱ्याकच पान नाय," एवढंच म्हणत. मग आवाज चढे, कारण पुढे काही वर्षांनी याच टीमने कॅनडाला कॅनडात जाऊन ओव्हरटाइममध्ये हरवलं होतं. त्या गोलाचं वर्णन सुरू झालं की माझा बाजाराकडे वळायचा फाटा हमखास चुके.

आणि रोज, न चुकता, गाडी लेक प्लॅसिडला येई. अमेरिकेतल्या त्या गावी सोव्हिएत टीम कॉलेजच्या पोरांकडून चार-तीन हरली. परबांनी तो सामना पाहिला नव्हता. तो त्यांना कोल्याने सूप पिता पिता सांगितला होता आणि सांगताना कोल्या रडला होता. पहिल्या सत्राच्या अगदी शेवटच्या सेकंदाला एक गोल झाला म्हणून कोचने रागाने जगातला सर्वोत्तम गोलकीपर बाहेर बसवला. आणि सामना संपत आला, एका गोलाने मागे, तेव्हा गोलकीपर काढून सहावा माणूस हल्ल्याला पाठवायचा असतो, तर दुसऱ्या गोलकीपरला काढलंच नाही.

"जेव्हा काढूचो नाय तेव्हा काढल्यान, आणि जेव्हा काढूचो तेव्हा ठेवल्यान." हे परबांचं सुभाषित होतं. ते कशालाही लागू पडे. गॅसवरची माशाची आमटी, भिंतीतला खिळा, ऑफिसातला मॅनेजर, आमच्या मुलीची पोहण्याची शिकवणी. माझी बायको एकदा दाताच्या डॉक्टरकडून गाल सुजवून आली तेव्हा परबांनी दारातूनच हे वाक्य म्हटलं. पुढचा महिनाभर तिने त्यांना चहा दिला नाही.

परबांना शत्रू हवा होता आणि तो त्यांनी घडवला. थॉमस आमचा फोर्कलिफ्टवाला, कोट्टयमचा, शांत माणूस. त्याची मुलगी नर्सिंग शिकायला कॅनडाला गेली. दुसऱ्या दिवशी परब त्याच्यासमोर उभे राहून म्हणाले, "आठ-एक." थॉमसला काही कळेना. तिसऱ्या दिवशी पुन्हा "आठ-एक". शेवटी बिचाऱ्याने मला विचारलं, हे दुखणं काय आहे. मी सांगितलं की एका मोठ्या स्पर्धेच्या फायनलला, कॅनडात, सोव्हिएत टीमने कॅनडाला आठ-एक असं धुतलं होतं. थॉमसने आयुष्यात बर्फ पाहिला होता तो फक्त माशांच्या खोक्यात. पण मुलीचा देश म्हटल्यावर त्याच्यातला बाप जागा झाला. रात्रभर फोन चाळून तो सकाळी फोर्कलिफ्टवर ताठ बसला आणि परब दिसताच म्हणाला, "परब भाई, चौंतीस सेकंड."

परबांचा चेहरा पडला. त्याहून जुनी गोष्ट होती ती. कॅनडा आणि सोव्हिएत संघ आठ सामन्यांची मालिका खेळले आणि आठव्या सामन्यात, चौतीस सेकंद उरले असताना, कॅनडाने गोल करून सगळंच जिंकलं. थॉमसला आइस हॉकीतलं एवढं एकच माहीत होतं आणि त्याने त्यावर सहा वर्षं काढली. सकाळी एक म्हणे "आठ-एक", दुसरा म्हणे "चौंतीस सेकंड", आणि मग दोघं एकाच डब्यातलं मासळीचं जेवत. सालिमला वाटे हा हिंदूंचा आणि ख्रिश्चनांचा रामराम घालायचा प्रकार आहे. तोही मधूनमधून मला "चौंतीस सेकंड" म्हणून सलाम करी.

ज्या वर्षी रशियाची टीम पुन्हा बिननावाची झाली, डोपिंगच्या भानगडीमुळे झेंडा काढून घेतला गेला, त्या ऑलिंपिकला फायनल जर्मनीशी होती. ओव्हरटाइमला रशियन पोरं चार-तीन जिंकली. परबांनी ओमानी हलव्याची पाच किलोची परात आणली आणि माल उतरवायच्या सगळ्या धक्क्यावर वाटली. नुकतंच त्यांच्या मुलाचं पुण्यात लग्न झालेलं, त्यामुळे लोकांनी सोयीस्कर अर्थ काढला. सालिमने त्यांना मिठी मारली, अभिनंदनाचं "मबरूक" म्हणाला आणि विचारलं, "बच्चा कैसा है?" परबांच्या डोक्यात विजयी गोल मारणारा पोरगा. "बच्चा एकदम तगडा," ते म्हणाले. "जर्मन लोगों ने बहोत तकलीफ दिया." सालिमने गंभीरपणे मान हलवली आणि मला बाजूला घेऊन सून जर्मन आहे का म्हणून विचारलं.

आता मुख्य गोष्ट.

परबांची बायको, शैलावहिनी, वेंगुर्ल्याजवळ गावी राहत. लग्नानंतर परब तीसेक वर्षं मस्कतमध्ये, वर्षाला एक महिना घरी. साठाव्या वर्षी फायनल एक्झिट घ्यायचं, म्हणजे व्हिसा कायमचा बंद करून घरी जायचं, हे ठरलेलं होतं. वहिनींनी परसात त्यांच्यासाठी खोलीही बांधून घेतली होती. त्या साठाव्या वर्षी फेब्रुवारीत ऑलिंपिकची फायनल झाली, परबांनी ती माझ्या घरी पाहिली आणि रशियन टीम फिनलंडकडून दोन-एक हरली. परब म्हणाले, "हरान कोण घराक जाता काय? मे मैन्यात वर्ल्ड चॅम्पियनशिप आसा. एक मॅच जिंकतली आणि मी जातलंय."

मे उजाडायच्या आत युक्रेनवर हल्ला झाला आणि रशियाच्या टीमवर बंदी आली.

बंदीबद्दल परबांनी कधी वाद घातला नाही. "दुसऱ्याच्या घराक आग लावणाऱ्याक पंगतीत कोण बसयतलो? बरोबरच आसा ता," ते म्हणाले. पण शब्द त्यांनी दिला होता आणि मालवणी माणसाचा हट्ट म्हणजे गावच्या देवचाराला बोललेला नवस. टीम परत येईल, एक सामना जिंकेल, मग मी जाईन. पुढच्या वर्षी बंदी वाढली, परबांनी व्हिसा वाढवला. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. दुपारी दीडला वहिनींचा फोन येई आणि परब स्पीकर लावून जेवत, त्यामुळे अख्ख्या पँट्रीला हा संसार ठाऊक होता.

"कधी येतास?"

"इन्शाल्ला, मे मैन्यात."

"इन्शाल्ला म्हणतास म्हणजे नाय येवचास."

मला तेव्हा परबांचा राग यायचा. बाई तीस वर्षं थांबली आणि हा माणूस बर्फावरच्या अनोळखी पोरांसाठी तिला आणखी थांबवतोय. एकदा गाडीत मी तसं बोललोही. त्यांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "केळकरानु, मी घराक जावन करतलंय काय? थय माझा काय काम आसा? ती घर चालयता, आंबो-काजू बघता, बँकेत जाता. मी गेलंय की पावणो." त्या दिवशी मला कळलं की रशियाची टीम ही पळवाट होती. मी गाडी चालवत राहिलो.

मग बाजारच हलला. भाजीबाजार शहराबाहेर बरक्याच्या बाजूला नव्या जागी जाणार असं ठरलं आणि आमचं कोल्ड स्टोरेजही चेंबरामागून चेंबर रिकामं व्हायला लागलं. सालिमने परबांना नव्या जागेत आणखी दोन वर्षं देऊ केली. परबांनी ही बातमी दीडच्या फोनवर सांगितली. वहिनी म्हणाल्या, "बरा," आणि फोन ठेवला.

पंधरा दिवसांनी शैलावहिनी गोव्याहून विमानाने मस्कतला उतरल्या. पहिलाच पासपोर्ट, पहिलंच विमान, बरोबर कोकमं, सुकट, खाजा आणि तीस दिवसांचा व्हिजिट व्हिसा. तो त्यांनी मुलाकरवी काढला होता, नवऱ्याला पत्ता न लागू देता. आमच्या दिवाणखान्यात बसून त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "तीस दिवस आसत. मगे एक तर दोघा जातलंव, नायतर मी एकटी जातलंय. एकटी गेलंय तर परत फोन करूचंय नाय." आवाज चढवला नाही. परबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाजा खाल्ला.

तोडगा थॉमसने काढला. लेनिनग्राड, म्हणजे चेंबर तीन, रिकामं झालं होतं, पण मशीन अजून बंद करायचं होतं. "टीम उधर नहीं खेलता तो इधर ही खेलेगा," तो म्हणाला. "रशिया-कॅनडा. रशिया जीतेगा, परब भाई घर जाएगा. खलास." मग दार लावून त्याने आम्हाला पुढचं सांगितलं. कॅनडाने हरायचं. आपल्या टीममधल्या चौघांना त्याने तशी शपथ घातली होती. रेफ्री सालिम. त्यालाही सांगून ठेवलं, तो "यल्ला" म्हणाला. परबांना आणि वहिनींना मात्र यातलं काही माहीत नव्हतं.

परबांनी अट मान्य केली आणि तीन दिवस खपून बर्फ घातला. गरम पाण्याचा पातळ थर, तो गोठला की दुसरा, मग तिसरा. इतका गुळगुळीत की दिव्यांच्या नळ्या त्यात दिसत. हॉकीच्या काठ्या म्हणून फरशीवरचं पाणी ओढायचे वायपर. गोल म्हणजे कांद्याच्या दोन क्रेटमधली जागा आणि खाली लाल पट्टी. आइस हॉकीत चेंडू नसतो, रबराची जाड चकती असते. ती मस्कतभर मिळेना. फाटलेल्या खोक्यातली सुरमई तेवढी मागे राहिली होती, गोल, जाड, दगडासारख्या गोठलेल्या तुकड्या. परबांनी एक तुकडी बर्फावर सरकवून पाहिली. ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेली. "कोल्यान बघल्यान असता तर..." असं म्हणून ते थांबले.

शुक्रवारी सकाळी सामना. सात-सात मिनिटांची तीन सत्रं, मधे बाहेर त्रेचाळीस डिग्रीत जाऊन अंग शेकायचं. रशियाकडून परब गोलकीपर, रत्नागिरीचे दोन भाऊ, एक इलेक्ट्रिशियन आणि माणूस कमी पडला म्हणून मी. पहिल्याच मिनिटाला मी आडवा झालो आणि मला कोपऱ्यात उभं राहायला सांगण्यात आलं. तिथून सगळं छान दिसत होतं. वहिनी साडीवर कंपनीचं जाकीट चढवून दारापाशी उलट्या क्रेटवर बसल्या होत्या.

कॅनडा हरायला उतरला होता, पण रशियापुढे हरणं शक्यच नव्हतं. त्यांच्या एकाने मुद्दाम भिंतीकडे मारलेली तुकडी भिंतीवर आपटून परबांच्या मागून गोलात गेली. दुसरी परबांच्या वायपरला लागून गेली. तिसऱ्या वेळी परब आम्हाला सोव्हिएत बचावाची पद्धत समजावत होते आणि त्यांची पाठ होती. चौथ्या वेळी थॉमस स्वतः घसरला, तुकडी थांबवायला गेला आणि तिच्यासकट गोलात शिरला. दुसरं सत्र संपलं तेव्हा कॅनडा चार, रशिया शून्य. थॉमसला रडू यायचं बाकी होतं.

बाहेर उन्हात सगळे चहा घेऊन उभे. परब भुवयांवरचा बर्फ वितळत असताना म्हणाले, "बचाव कमी पडता."

वहिनी पुढे आल्या. "त्या तुमच्या कोचान चांगलो होतो तेका काढल्यान मां?"

"होय."

"तुमी चांगले नाय. गोलाच्या भायर ऱ्हवा."

आम्ही सगळ्यांनी चहात बघितलं. परबांनी बायकोकडे पाहिलं आणि हातमोजे काढून तिच्या हातात दिले.

शैलावहिनींनी क्रेट उचलून गोलाच्या बरोबर मधे ठेवला आणि त्यावर बसल्या. गोलकीपरने बसून खेळू नये असा नियम आहे का, हे परबांनाही आठवेना. वहिनींचं माहेर मासळी विकणाऱ्यांचं. समोरून येणाऱ्या तुकडीकडे त्या, भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तशा बघत आणि वायपर नुसता खाली टेकवत. "माझ्या पायाखालना सुरमय जाईत?" एवढंच म्हणत. एकही गेली नाही. आणि परब आता हल्ल्याला मोकळे झाले. कॅनडाला एकदाचं हरायला जमू लागलं. त्यांच्या गोलकीपरच्या बुटाची नाडी दोनदा सुटली. तिसऱ्यांदा त्याला फोन आला. चार-तीन.

शेवटचं मिनिट. परब बर्फाच्या मधोमध उभे राहिले आणि ओरडले, "शैला, गोल सोड. फुडे ये." आयुष्यभर ज्या कोचला शिव्या दिल्या त्याला जे सुचलं नाही ते परबांनी केलं. वहिनी एका हातात वायपर, एका हातात साडीचा घोळ धरून निघाल्या. त्यांनी तुकडी परबांकडे ढकलली, परबांनी सगळं अंग घालून मारली. सुरमईने क्रेट गाठला आणि ती मधोमध दुभंगली. अर्धी तुकडी गोलात गेली, अर्धी पट्टीच्या बाहेर राहिली. सालिमने शिट्टी फुंकून दोन्ही हात वर केले. थॉमस सगळ्यांत आधी "गोल" म्हणून नाचायला लागला. बरोबरी झाली होती, आता ओव्हरटाइमला हरणं काय अवघड.

परब गुडघ्यांवर बसून पट्टीपाशी वाकले.

"अख्खी आत जावक होयी. अर्धी भायर आसा," ते म्हणाले. "गोल नाय."

"परब भाई, गोल है," थॉमस हात जोडून म्हणाला. "मैं बोलता है."

"थॉमस, तू कॅनडा आसस," परब म्हणाले. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग सालिमकडे, मग कोपऱ्यात माझ्याकडे. नऊ वर्षं शेजारी बसलेल्या माणसापासून काही लपत नाही. सगळं कळलं होतं त्यांना. रागावतील असं वाटलं, पण ते नुसते हसले.

"म्हणजे हरलंव?" वहिनींनी विचारलं.

"हरलंव. चार-तीन."

कॉम्प्रेसरची घरघर तेवढी चालू होती. वहिनींचं नाक थंडीने लाल झालेलं, हातात वायपर तसाच. मग घरी येणार की नाही, हा पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही आणि मला ते त्या बर्फापेक्षा गार वाटलं. परब उठले, कपड्यांवरचा बर्फ झटकला.

"तिकीट कधीचा काढलंस?"

"पुढल्या आयतवारचा."

"दोघांचा?"

"पयल्या दिवसापासून दोघांचाच आसा."

"बरा," परब म्हणाले आणि चेंबर तीनचं मशीन बंद करायला गेले.

परतताना गाडीत वहिनी मागे झोपल्या होत्या. परब पुढे माझ्या शेजारी. माबेल्याच्या वळणापर्यंत ते रशियाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "मी समजी होतंय, थय माका कोण टीमीत घेवचा नाय. केळकरानु, तिना माका पास दिल्यान." माझे डोळे भरून आले आणि मी फाटा चुकलो. ते लगेच म्हणाले की वायपरची रबरं फार मऊ होती, कडक असती तर निकाल वेगळा लागता.

रविवारी आम्ही सगळे विमानतळावर गेलो. थॉमस, सालिम, रत्नागिरीचे भाऊ, मी आणि माझी बायको. परबांच्या पासपोर्टवर फायनल एक्झिटची नोंद झाली होती. आत जायच्या दरवाज्यापाशी त्यांनी आम्हाला ओळीने उभं केलं. आइस हॉकीत मोठा सामना संपला की दोन्ही टीम रांगेत उभ्या राहतात आणि प्रत्येक जण प्रत्येकाशी हात मिळवतो, मग आत कितीही दात पाडलेले असोत. परब रांगेतून एकेकाशी हात मिळवत गेले. सालिमशी, भावांशी, थॉमसशी जरा जास्त वेळ, माझ्या बायकोशी, माझ्याशी. रांगेच्या शेवटी ट्रॉली धरून वहिनी उभ्या होत्या. परबांनी त्यांच्यापुढेही हात केला.

"लोका बघतत," वहिनी म्हणाल्या.

परब हात पुढे करून उभेच. वहिनींनी इकडेतिकडे पाहिलं, पदराला हात पुसला आणि त्यांच्या हातात दिला. परबांनी तो सोडला नाही. एका हाताने ट्रॉली ढकलत, ती तिरकी जात होती तरी, दोघं तसेच आत गेले.